पौषातले दोन दिवस, भाचरांच्या संगतीने

पंढरपूरची चंद्रभागा सर्वांना ठाऊक आहे. आमच्या दर्यापूरलाही चंद्रभागा आहे, हे मात्र जिल्ह्याबाहेरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. नदीच्या एका अंगाला दर्यापूर, दुसऱ्या अंगाला बनोसा आणि दोन्ही मिळून एकच गाव. सातपुड्याकडून उतरलेली ही नदी पुढे पूर्णेला जाऊन मिळते. तिच्या काठी वारकऱ्यांची दाटी होत नाही आणि उन्हाळ्यात तर तिला नदी म्हणावे की नाला, असा प्रश्न पडतो. फिरायला म्हणून दर्यापूरला कोणी येत नाही. ज्यांना फिरावयाचे असते ते परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जातात. मी या तालुक्यात पंचायत समितीचा कृषी विस्तार अधिकारी. माझे फिरणे म्हणजे पीक पाहणी, बियाण्याची उगवण आणि बोंडअळीचे कामगंध सापळे. परंतु यंदाच्या पौषात दोन मुलांना बरोबर घेऊन दोन दिवस हाच मुलूख निव्वळ फिरण्यासाठी फिरलो. त्याची ही हकिकत.

मुले माझी नव्हेत, सख्ख्या बहिणीचीही नव्हेत. वसईकडच्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांत मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी एक धर्मपिता आणि एक धर्ममाता नेमतात. आईबापांच्या जोडीने मुलाकडे लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. आपल्याकडे असा विधी नाही, पण नाते आहे. आपण त्याला मानलेला मामा म्हणतो. राखीचा एक धागा बांधला की माणूस भाऊ होतो आणि मग त्या घरातली सारी पोरे आपसूक भाचरे होतात. कागदावर कुठे नोंद नसते. तुमच्याही गावात अशी नाती असतील.

या मुलांचे वडील माझे शेतकरी मित्र होते. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या सात एकरांच्या वावरात तळे खोदले. गावात त्यांना हसणारे पुष्कळ होते. सात एकरांतली नऊ-दहा गुंठे जागा खड्ड्यात घालणारा माणूस शहाणा कसा, असे पारावर बोलत. त्या वर्षीच्या राखीपौर्णिमेला त्यांच्या घरधनिणीने माझ्या हाताला राखी बांधली. दोन वर्षांपूर्वी ते मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. खारपाणपट्ट्यातल्या गावांना हा आजार नवा नाही. मागे राहिली ती ताई, म्हातारी सासू, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. थोरला आता बारा वर्षांचा, सातवीत. धाकटी आठ वर्षांची आणि तोंडाची भारी वाजवी.

संक्रांतीच्या आधी ताईंचा निरोप आला. “भाऊ, पोरगं घरात बोलतच नाई. शाळेतून येते, दप्तर फेकते अन् वावरात जाते. दोन दिवस तुमच्यासंगं घेऊन जा. तुमच्यापाशी बोललं त बोललं.” त्यात आणखी एक गोष्ट होती. अमरावतीला असलेल्या त्यांच्या सख्ख्या भावाचे म्हणणे असे की वावर मक्त्याने देऊन टाकावे आणि मुलांना घेऊन शहरात यावे. पाडव्याच्या आत त्याला जबाब द्यावयाचा होता. ताईंचे मन होत नव्हते आणि नाही म्हणण्याचा धीरही होत नव्हता.

शनिवारी सकाळी मी मोटारसायकल घेऊन गावात गेलो. म्हातारीने धाकटीच्या कानाला मफलर गुंडाळून दिला, तो तिने गावाची शीव ओलांडताच सोडून टाकला. या दिवसांत पूर्णेच्या खोऱ्यात सकाळी फिरण्यासारखे सुख नाही. दोन्ही अंगांनी हरभरा, मधून तुरीच्या शेंगा लदबदलेल्या, कुठे कुठे पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस. मुलीने गाडी थांबवायला लावली आणि हरभऱ्यात शिरून दवाने ओले झालेले बोट चाटू लागली. हरभऱ्याच्या पानावरची ती आंब. म्हाताऱ्या बाया पहाटे पिकावर फडके फिरवून ते पिळून ठेवतात आणि पोटदुखीवर देतात. थोरला धुऱ्यावर उभा राहून घाटे पाहत होता. “अळी हाय,” एवढेच तो बोलला. खरोखरच अळी होती. वावर दुसऱ्याचे होते, तरी पक्ष्यांना बसायला त्यात एकही काडी रोवलेली नाही, हे त्याच्या नजरेतून सुटले नव्हते.

दर्यापूरला आधी स्टेशन पाहिले. धाकटीने आगगाडी फक्त पुस्तकात पाहिलेली. शकुंतला एक्स्प्रेस हे नाव तुम्ही ऐकले असेल. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूरला जाणारी ही छोटी गाडी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे पोचविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू केली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. १९९४ पर्यंत तिला कोळशाचे इंजिन होते, मग डिझेलचे आले आणि आता तर गाडीच धावत नाही. रुळांत गवत उगवले आहे. म्हातारी सांगते की माहेरी जाताना गाडी चुकेल असे वाटले तर लोक लांबूनच हात करीत आणि गाडी थांबत असे. धाकटीने रुळावर दोन पाय ठेवून तोल सांभाळत चालून पाहिले. “मामाजी, हे रूळ इतके जवळजवळ काहून हायेत?” मी म्हणालो, लहान गाडीला लहान रूळ, खर्च कमी. थोरला म्हणाला, “अन् कापूस भरभरून नेला.” दिवसभरात त्याचे हे दुसरे वाक्य.

गावाच्या नावाचाही मुलांनी छडा लावला. वऱ्हाडात इमादशाही होती. अचलपूर ही तिची राजधानी. सोळाव्या शतकात तिथे दर्या इमादशहा राज्य करीत होता. त्याच्या नावावरून दर्यापूर, असे सांगतात. दर्या म्हणजे समुद्र, हे मी सांगताच धाकटी टाळी वाजवून म्हणाली, “मंग म्हणूनच पानी खारं हाय!” हसू आले खरे. पण तुम्ही या भागातले असाल तर तुम्हाला ठाऊक आहे की हा हसण्याचा विषय नव्हे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि पिकाला दिले तर दोन-चार हंगामांत जमीन चोपण होते. वरून ढेकूळ दगडासारखे, आतून चिकण, पाणी मुरत नाही. नळाने शहानूर धरणाचे पाणी आले तेव्हा आयाबायांचा जीव थोडा सुटला. पण नळ रोज येतोच असे नाही, आणि ज्या दिवशी नसतो त्या दिवशी विहीर आहेच.

दुपारी भाकरी बांधून लासूरला गेलो. तालुक्यातच हे गाव आहे आणि तिथे आनंदेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे. पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित केले आहे. आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. तुम्ही दर्यापूरकडे आलात तर दुसरे काही न पाहता परत गेलात तरी चालेल, पण हे देऊळ पाहून जा. मंडपात मधोमध उभे राहून वर पाहावे तर छत नाही, गोल आकाश दिसते. कोल्हापूरकडच्या खिद्रापूरच्या देवळात असाच उघडा मंडप आहे. तिथे माणसांची रीघ असते. इथे त्या दुपारी आम्ही तिघे आणि एक शेळी. मुलांनी खांब मोजायला घेतले. दोघांचे आकडे जुळेनात. पुन्हा मोजले, पुन्हा जुळेनात. मग भांडण.

भांडण मिटल्यावर धाकटीने जो प्रश्न विचारला, तो मला आजवर कोणत्याही शेतकरी मेळाव्यात कोणी विचारला नव्हता. “आपल्या वावरात त एक गोटा नाई सापडत. मंग इतके गोटे यायनं कुठून आनले?” खरेच आहे. पूर्णेचे खोरे म्हणजे नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ. कित्येक ठिकाणी शेकडो फूट खाली गेले तरी खडक लागत नाही. दगड पाहायला सातपुड्याच्या पायथ्याशी नाहीतर दक्षिणेकडच्या चढावर जावे लागते. म्हणजे हे काळे पाषाण कुठून तरी लांबून ओढून आणले असणार, आणि ओढले कोणी, तर बैलांनी. दोघेही जरा वेळ गप्प झाले. थोरला एका खांबावरून हात फिरवत म्हणाला, “पावसात त आनलेच नसतील. काळ्या मातीत गाडी फसते.” म्हणजे उन्हाळ्यात. मी चकित झालो. बी.एस्सी.ला जमिनीचे भौतिक गुणधर्म शिकलो होतो, पण देवळाच्या दगडावर ते ज्ञान लावावे हे मला कधी सुचले नव्हते.

रात्री बनोशाला आमच्या घरी मुक्काम. माझ्या घरच्यांनी तुरीच्या सोल्यांची भाजी आणि कळण्याची भाकर केली होती. धाकटी जेवता जेवता पेंगली. थोरला दिवा मालवेपर्यंत भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होता. त्याचे पाठ करून झाल्यासारखे मला वाटले.

रविवारी ऋणमोचन. पूर्णाकाठी भातकुली तालुक्यात हे गाव आहे. मुद्गलेश्वराचे देऊळ आहे आणि पौषातल्या प्रत्येक रविवारी तिथे यात्रा भरते. आसपासच्या तालुक्यांतून माणसे येतात. नदीत आंघोळ करावी, देवाला जावे, मग काठावर गोवऱ्यांचा जगरा पेटवून रोडगे भाजावेत आणि वांग्याच्या भाजीबरोबर खावेत. धुराने डोळे झोंबतात, पण रोडग्याचे पापुद्रे तुपात बुडाले की ते कोणाच्या लक्षात राहत नाही. मुलीला फुगा पाहिजे होता, तो घेतला. मुलाला काही पाहिजे का विचारले, तर नको म्हणाला.

ऋणमोचन म्हणजे ऋणातून मोकळे होणे. या घाटाशी गाडगेबाबांचे नाव जोडलेले आहे. १९०८ साली त्यांनी इथे पूर्णेवर घाट बांधवून घेतला. नदीचा काठ चिखलाचा आणि यात्रेकरूंचे हाल, ते त्यांना पाहवले नाहीत. घाटाच्या पायरीवर बसून मी मुलांना बाबांची गोष्ट सांगितली. अंजनगाव तालुक्यातले शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव, साल १८७६. नाव डेबूजी. बाप दारूपायी गेला, तेव्हा आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाकडे आली. डेबूजी मामाच्या घरी वाढला. गुरे राखली, मग मामाची शेती अशी केली की गावाने पाहत राहावे. शाळा मात्र मिळाली नाही. पुढे मामाचे उत्तम वावर सावकाराच्या कर्जात गेले आणि मामाने हाय खाल्ली. सावकाराची माणसे नांगर घेऊन वावरात आली तेव्हा डेबूजी त्यांच्यापुढे उभा राहिला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. हातात खराटा आणि मातीचे फुटके गाडगे. १९५६ च्या २० डिसेंबरला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला तोवर ते सगळीकडे रस्ते झाडत आणि कीर्तने करीत फिरले. कर्ज काढून सण करू नका, आणि ताट विकावे लागले तरी विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला, हे ते पुन्हा पुन्हा सांगत.

धाकटीचे लक्ष फुग्यात होते. थोरला पाण्याकडे पाहत होता. मग त्याने विचारले, “मामाजी, आपल्या वावरावर किती हाय?”

वाचकहो, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाने विचारला तर तुम्ही काय सांगाल? बहुतेक घरांत ‘तू अभ्यास कर’ असे म्हणून विषय बंद करतात. मला ते पटत नाही. पोराला घरातली गाय किती दूध देते हे ठाऊक असते, विहिरीला पाणी किती हात आहे हे ठाऊक असते, आणि कर्ज तेवढे झाकून ठेवायचे. मग ते पोर अंधारात आपल्या मनाने आकडा धरते, आणि तो खऱ्यापेक्षा नेहमी मोठा असतो. मी त्याला खरे सांगितले. पीककर्ज एक लाख दहा हजार, ते बँकेचे. सावकाराचा एक रुपया नाही. दवाखान्यासाठी घेतलेले नातेवाइकांचे चाळीस हजार, त्यांतले पंचवीस हजार ताईंनी कापसाच्या पैशातून फेडले. आणि तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडले तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, हेही सांगितले. तुमच्यापैकी किती जण तारीख चुकवून ही सवलत घालवतात, हे मी दरवर्षी पाहतो.

त्याने बोटांवर काहीतरी मोजले. मग एकदम बोलू लागला. “मले वाटलं पाच लाख असन. मी सातवीनंतर शाळा सोडनार होतो. वखर मले हाकता येते, फवारा येते. मी वावर केलं त मायले मक्त्यानं द्याले लागनार नाई.” दोन वर्षे हे पोर हा हिशेब एकटे उरावर घेऊन फिरत होते. मी त्याला उपदेश केला नाही. रोडगा दिला. थोड्या वेळाने फक्त एवढे विचारले की डेबूजीला शाळा मिळाली असती तर सावकाराच्या कागदावर मामाचा अंगठा उठण्याआधी तो कागद कोणी वाचला असता? तो म्हणाला, “डेबूजीनं.” आणि पुन्हा गप्प झाला, पण ही गप्प बसण्याची तऱ्हा वेगळी होती.

परतताना थेट घरी न जाता आम्ही त्यांच्या वावरात गेलो. त्यानेच गाडी तिकडे वळवायला लावली. शेततळ्यात पाणी निळसर चमकत होते. सरकारी मापाचे तळे, तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. काठोकाठ भरले की सुमारे बावीस लाख लिटर. ही काळी चिकण माती पाणी मुरू देत नाही म्हणून पिकाच्या वेळी आपण तिला शिव्या देतो, पण तळ्याला तोच गुण कामी येतो. पावसाचे गोड पाणी त्यात उभे राहते. खाऱ्या विहिरीच्या मुलखात हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी एक आणि घाटे भरताना एक पाणी मिळाले तर काय होते, हे ज्याने पाहिले त्याला सांगावे लागत नाही. एका एकराला एका वेळी साधारण दोन लाख लिटर धरा. चार एकर हरभरा दोनदा भिजवायला सोळा लाख. बाकीचे ऊन पिते.

तळ्याच्या कोपऱ्यात एक बल्ली रोवलेली होती आणि तिच्यावर कोयत्याने खाचा पाडलेल्या होत्या. मला वाटले, वडिलांच्या हातच्या असतील. थोरल्याने खोपटातून एक वही आणली. शाळेची, पाठीमागच्या पानांवर उलट्या बाजूने लिहिलेली. दर रविवारची तारीख आणि पाण्याची खाच. दोन वर्षांत पोळा आणि दिवाळीही चुकलेली नव्हती. वडिलांना दवाखान्यात नेले त्या रविवारपासून वही सुरू होती. “बाबानं सांगतलं होतं, पानी किती हाय ते पाहत जा.” त्या दिवशीची नोंद त्याने माझ्यासमोर केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ नोंदवह्या तपासल्या आहेत. इतकी साफ एकही पाहिलेली आठवत नाही.

ताई कापसाचे ओझे घेऊन धुऱ्याने येत होत्या. मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्या उभ्या पाने उलटली, काही बोलल्या नाहीत, पदराने तोंड पुसले. मुलाने आपण होऊन आईला सांगितले की कर्जाचा आकडा त्याला कळला आहे. ताईंनी माझ्याकडे पाहिले. रागावतील असे वाटले होते, त्या म्हणाल्या, “बरं झालं भाऊ, माह्याच्यानं सांगनं होत नव्हतं.”

मग तिथेच बसून बोलणे झाले. वावर यंदा मक्त्याने द्यावयाचे नाही. आठवीला थोरला दर्यापूरच्या शाळेत जाईल. सकाळच्या एस.टी.ने जायचे, गाडी चुकली तर बनोशाला आमचे घर आहेच. वखरणी-पेरणीला सालदार परवडत नाही, तेव्हा भाड्याच्या ट्रॅक्टरने आणि रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरायचे, म्हणजे जास्तीचा पाऊस सरीने निघून जाईल आणि कमी पाऊस सरीत थांबेल. तीन एकरांत कपाशी आणि तूर, चार एकरांत आधी मूग आणि मग हरभरा. शहरातल्या भावाला काय सांगावे याचा विचार ताई करीत राहिल्या. तो त्यांचा सख्खा भाऊ, त्याचे मनही दुखवायचे नव्हते. मी म्हणालो, एक वर्षाची मुदत मागा. त्यांनी मान हलविली, पण हो म्हणाल्या नाहीत.

धाकटीचा फुगा हरभऱ्याच्या घाट्यावर लागून फुटला होता, तिने थोडा वेळ रडून घेतले. मी निघालो तेव्हा थोरला गाडीजवळ आला आणि म्हणाला, “मामाजी, दुसरं पानी येत्या गुरुवारी द्याचं की थांबाचं? घाटे भरून राह्यले.” मी वावराकडे पाहिले, माती हातात घेऊन दाबून पाहिली. गोळा होत होता, पण बोटाने दाबताच फुटत होता. सोमवारी द्या म्हणालो, आणि तुषार संचाच्या तोट्या आधी साफ करून ठेव.